कोर्लईच्या डोंगरावरचा 'आपण'

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याला शाळेत प्रकल्प दिला होता, 'माझ्या परिसरातील किल्ला'. त्याने चित्रे चिकटवली होती, समास आखले होते, वहीला कव्हरही घातले होते. पहिल्या पानावर पहिलेच वाक्य होते : 'कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला.' मी म्हटले, "हे अर्धेच खरे आहे." तो हिरमुसला. "मग पूर्ण खरे काय?" मी इतिहास शिकवण्यात उमर घालवलेला माणूस. घरात बसून चार वाक्ये सांगितली असती तरी भागले असते. पण हा किल्ला आमच्या चौल-रेवदंड्याच्या घरून दिसतो आणि हा मुलगा एकदाही तिथे चढला नव्हता. म्हणून ठरवले, रविवारी फजरनंतर निघायचे.

रेवदंड्याहून खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव. तिथून मुरूडच्या रस्त्याने थोडे गेल्यावर कोर्लई गाव लागते. गावातून, सुकत घातलेल्या मासळीच्या वासातून, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या कडेने एक अरुंद रस्ता दीपगृहाकडे जातो. दीपगृहाच्या मागून पायऱ्या सुरू होतात. डोंगर म्हणावा तर उंची शंभर मीटरच्या आसपास. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला ही टेकडीच वाटेल. पण ही टेकडी जिथे उभी आहे ती जागा महत्त्वाची. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्यात घुसलेली ही जमिनीची जीभ. तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला गाव. पोर्तुगीज तिला 'मोर्रो' म्हणत, म्हणजे टेकाड. माथ्यावर किल्ला लांबच लांब पसरलेला, रुंदीला मात्र अगदी चिंचोळा. डोंगराच्या कण्यावरून भिंत ओढत नेल्यासारखा.

वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही तटाशी पोचलो. भाचा पुढे, मी गुडघे सांभाळत मागे. दरवाजातून आत शिरलो, छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती पाहिल्या, पोर्तुगीज अक्षरांचा दगड पाहिला, पाण्याचे टाके पाहिले. मग उत्तरेकडच्या बुरुजावर जाऊन बसलो. हवा स्वच्छ होती. पश्चिमेला नुसता समुद्र. समोर खाडीपलीकडे रेवदंड्याचा तट आणि त्याच्या पाठीमागे चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, त्याही मागे दत्ताचा डोंगर. उजव्या हाताला पूल आणि साळावचा पोलादाचा कारखाना. पाठीमागे कोर्लईची कौले आणि काशीदकडे जाणारे जंगलाचे डोंगर.

मी त्याला सांगायला सुरुवात केली. इथे लढाया झाल्या, १५०८ साली, १५७१ साली, १५९४ साली. तो पेन काढून लिहू लागला आणि मध्येच थांबून त्याने विचारले, "मामू, म्हणजे इथे आपण जिंकलो की हरलो?"

वाचकहो, मी वर्गात हजारो प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. या प्रश्नापुढे मात्र अडखळलो. जिंकण्या-हरण्याचे उत्तर सोपे होते. अडचण 'आपण' या शब्दाची होती. या मुलाच्या मनातला 'आपण' कोण? मुसलमान? कोकणी? मराठी? चौलकर? मुस्लिम घरातल्या मराठी मुलाला हा शब्द कधीतरी अडवतोच. कधी मैदानात कोणी मित्र अडवतो, कधी पुस्तकातला धडा. मी त्याला म्हटले, "उत्तर देतो. पण आधी समोर बघ."

समोर चौल होते. आज ते वाड्यांचे शांत गाव आहे. मुंबईची माणसे सुट्टीत येतात, पोहे-घावन खातात, समुद्रावर फिरतात. पण हे बंदर फार जुने. ग्रीक खलाशांच्या वृत्तांतात ते 'सेमुल्ला' आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल' आहे आणि अरबांच्या ग्रंथांत 'सैमूर' आहे. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमाराला, बगदादचा प्रवासी अल-मसूदी इथे आला. त्याने 'मुरूज अल-जहब' या ग्रंथात लिहून ठेवले आहे की सैमूरमध्ये दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे लोक इथे येऊन स्थायिक झाले आहेत, इथेच त्यांनी लग्ने केली आहेत. त्यांच्यात 'बयासिरा' म्हणून एक वर्ग आहे. बयासिरा म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले लोक.

हा शब्द मी भाच्याला दोनदा सांगितला. हजार वर्षांपूर्वीच या किनाऱ्यावर जन्मलेले मुसलमान इतके होते की त्यांच्यासाठी वेगळा शब्द लागत होता. 'कुठून आलात?' या प्रश्नाचे एक उत्तर त्या शब्दात आहे. कोणी आले असतील, पण त्यांची मुले इथली होती.

त्या वेळी इथे शिलाहारांचे राज्य होते आणि त्यांच्यावर राष्ट्रकूटांची सत्ता. अल-मसूदीने स्थानिक राजाचे नाव 'जांज' असे दिले आहे, म्हणजे शिलाहार राजा झंझ. या राजाच्या राज्यात मुसलमानांचा कारभार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. अल-मसूदी आला तेव्हा अबू सईद मारूफ बिन जकरिया नावाचा गृहस्थ त्या पदावर होता. सागरी कथांच्या 'अजायब अल-हिंद' या पुस्तकात अब्बास बिन माहान नावाचा आणखी एक हुनरमन भेटतो. मुसलमान व्यापाऱ्यांचे तंटे त्यांच्या रिवाजाने सुटावेत, मशिदीत जमात उभी राहावी, एवढी मोकळीक हिंदू राजाने दिली होती. तलवार मध्ये कुठेच नव्हती. व्यापार होता, जकात होती, विश्वास होता. राजाला बंदर चालायला हवे होते आणि व्यापाऱ्यांना निर्धास्तपणे राहायला जागा हवी होती.

हे एकतर्फीही नव्हते. इथून वर उत्तरेला, आजच्या पालघर जिल्ह्यात, चिंचणी येथे एक ताम्रपट सापडला आहे. तो ९२६ सालचा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संजाण मंडलाचा कारभारी म्हणून एका मुसलमान अधिकाऱ्याचे नाव येते. ताम्रपटाच्या संस्कृतात तो 'मधुमती' झाला आहे. विद्वान सांगतात की ते मुहम्मद या नावाचे रूप आहे. या अधिकाऱ्याने नदीवर लोकांसाठी फुकट तर सुरू केली, अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठाला जमीन देण्यास मान्यता दिली. अरबी नावाचा माणूस, राष्ट्रकूटांचा नोकर, देवीच्या मठाचे दानपत्र, आणि ते सगळे संस्कृतात. आजच्या आपल्या कप्पेबंद डोक्याला हे चमत्कारिक वाटते. त्या काळच्या किनाऱ्याला त्यात काही नवल वाटले नसावे.

भाचा म्हणाला, "पण मामू, इथे किल्ला कुठे आहे?" त्याचे बरोबर होते. या पहिल्या काळात डोंगरावर किल्ला नव्हता. डोंगर नुसता डोंगर होता. जहाजांना लांबून दिसणारी खूण.

पुढे शिलाहार गेले, यादव गेले, बहमनी आले. बहमनींच्या काळात, १४६९ च्या सुमाराला, त्वेर शहरातला एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. त्याचे नाव अफानासी निकितिन. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे, शाळेच्या सहलींना ते दाखवतात. त्याने लिहिले आहे की इथले लोक आपल्याकडे टक लावून बघत होते, गोरा माणूस म्हणून मागे मागे फिरत होते. त्याने बरोबर एक घोडा आणला होता. दख्खनमध्ये चांगला घोडा पैदा होत नाही. अरबस्तान-इराणमधून समुद्रमार्गे घोडे येत आणि सोन्याच्या भावाने विकले जात. घाट चढून निकितिन जुन्नरला गेला. तिथल्या असदखान नावाच्या सरदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान होशील तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, असे म्हणून चार दिवसांची मुदत घातली. निकितिन हवालदिल झाला. तेव्हा एक खुरासानी ख्वाजा मध्ये पडला. तो मुसलमानच होता. त्याने सरदाराला समजावले, परक्या माणसाचा धर्म वाचवला आणि घोडाही परत मिळवून दिला. निकितिनच्या प्रवासवर्णनाच्या शेवटी रशियन अक्षरांत अरबी-फारसी-तुर्की शब्दांची प्रार्थना आहे. इथून जाताना तो काय घेऊन गेला हे त्यावरून कळते.

या प्रसंगात जबरदस्ती करणारा मुसलमान आहे आणि ती थांबवणाराही मुसलमानच आहे. इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा दोघांपैकी एकालाच बोलावतो. आपल्यावर टीका करणारे असदखानाला बोलावतात, आपण ख्वाजाला. दोघांनाही समोर बसवायचे धाडस थोडेच लोक करतात.

मग पोर्तुगीज आले आणि समुद्राचा कायदाच बदलला. पूर्वी समुद्र कोणाच्या मालकीचा नव्हता. पोर्तुगीजांनी परवाने काढले. त्याला 'कार्ताझ' म्हणत. तो नसेल तर जहाज जप्त, माल जप्त. हजला जाणाऱ्या जहाजांनाही त्यातून सूट नव्हती. याला उत्तर म्हणून मिसरच्या मामलुक सुलतानाने अमीर हुसेन अल-कुर्दी याच्या हाताखाली आरमार पाठवले. मार्च १५०८ मध्ये ते चौलच्या खाडीत शिरले. आम्ही बसलो होतो त्या बुरुजाच्या खाली दिसते तेच हे पाणी. आत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द अल्मेदा नांगर टाकून होता. दीवचा सुभेदार मलिक अयाझ आपल्या हलक्या नावा घेऊन मिसरच्या मदतीला आला. बाहेर पडताना लोरेन्सोचे जहाज कोळ्यांनी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले. मासे धरायचे ते खुंट. जहाज हलेना, पाणी आत येऊ लागले, आणि लोरेन्सो तिथेच लढत मारला गेला.

मी भाच्याला खाली बोट दाखवले. खाडीच्या तोंडाशी तेव्हाही होड्या होत्या. "बघ, मिसरचा सुलतान, पोर्तुगालचा राजा, गुजरातचा सुभेदार, एवढे मोठमोठे लोक. आणि निकालाला हातभार कोणाचा लागला? ज्या कोळ्याने तो खुंट रोवला त्याचा. त्याला यातले काही ठाऊकही नसेल." तो पहिल्यांदाच हसला.

लढाईनंतरची एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. मलिक अयाझने कैद्यांना चांगले वागवले आणि मेलेल्या मुलाच्या बापाला पत्र लिहून त्याच्या शौर्याची वाखाणणी केली. यात मुत्सद्दीपणा होताच. व्हाइसरॉयचे मन मात्र त्याने निवले नाही. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, त्याने दीवसमोर मिसरचे आरमार बुडवून सूड घेतला. समुद्र पोर्तुगीजांचा झाला तो तेव्हापासून.

आता निजामशाहीकडे येऊ. अहमदनगरच्या या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरातला होता. तो बहमनी दरबारात मुसलमान होऊन मलिक हसन झाला आणि त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, अहमदनगर वसवले. चौल त्यांचे मुख्य बंदर. १५२१ मध्ये पहिल्या बुर्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्याला कोठी आणि कोट बांधायला परवानगी दिली. त्याला घोडे हवे होते आणि घोड्यांचा समुद्र आता पोर्तुगीजांच्या हातात होता. पाहुण्याला ओटीवर जागा दिली आणि त्याने घर बळकावले, असे पुढच्या पिढीला वाटू लागले. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने विजापूरच्या आदिलशहाशी संधान बांधून एकाच वेळी चौल आणि गोव्याला वेढे घातले. चौलचा वेढा कित्येक महिने चालला. फौज प्रचंड होती, आतले पोर्तुगीज थोडे. तरीही वेढा फसला आणि १५७१ मध्ये तह करावा लागला. फेरिश्ता हा इतिहासकार अहमदनगरच्या दरबारात वाढला. तो स्पष्ट लिहितो की निजामशाही सरदारांनी पोर्तुगीजांकडून भेटी घेतल्या, विशेषतः दारूच्या, आणि रात्रीच्या वेळी रसद आत जाऊ दिली.

वीस वर्षांनी दुसऱ्या बुर्हाण निजामशहाने ठरवले की आता डोंगरावरूनच उत्तर द्यायचे. हा डोंगर आपला, खाडीचे तोंड त्याच्या माऱ्यात. वर तोफा चढवल्या की रेवदंड्याला येणारे एकेक जहाज टिपता येईल. त्याने इथे तटबंदी उभारली. कोर्लईच्या डोंगरावरचा हा पहिला मोठा किल्ला, निजामशाहीचा. भाच्याच्या वहीतल्या वाक्याचे राहिलेले अर्धे खरे ते हे.

पण किल्ला फार दिवस राहिला नाही. सप्टेंबर १५९४ मध्ये वसई-साष्टीकडून कुमक मागवून पोर्तुगीजांनी खाडी ओलांडली. बाहेरची फळी मोडली. पळणाऱ्यांच्या पाठोपाठ तेही आत शिरले. दारात मरून पडलेल्या जनावरांमुळे दरवाजे लावता आले नाहीत, असे त्यांचे लेखक सांगतात. वर बसलेली फौज त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. मेलेल्यांचे आकडे ते हजारांनी देतात. विजेत्यांचे आकडे नेहमी फुगलेले असतात हे लक्षात घेतले तरी या चिंचोळ्या माथ्यावर त्या दिवशी भयंकर कत्तल झाली यात शंका नाही. पळायला जागाच कुठे होती? तीन बाजूंना पाणी.

हरण्याचे कारण काय? आमच्याकडे अशा वेळी फितुरी, दगा, नशीब अशी उत्तरे तयार असतात. खरे उत्तर घरात होते. अहमदनगरचा दरबार त्या वेळी आतून दुभंगलेला होता. एकीकडे दखनी, म्हणजे इथले मुसलमान, आणि त्यांच्याबरोबर हबशी. दुसरीकडे आफाकी, म्हणजे इराण-तुराणहून आलेले. एकमेकांच्या कत्तली करण्यापर्यंत हे वैर गेले होते. त्यात पंथाचे भांडण मिसळलेले. सैन्यात कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. पुढच्याच वर्षी बुर्हाण मेला, गादीसाठी भांडणे लागली, त्यांतल्याच एका गटाने मोगलांना बोलावले आणि अहमदनगरचा कोट वाचवायला चाँदबीबीला उभे राहावे लागले. किल्ल्याच्या भिंती पोर्तुगीजांनी फोडल्या हे खरे. पण त्याआधी कितीतरी वर्षे भिंतीच्या आतला माणूस माणसापासून फुटलेला होता. 'हा खरा, तो खोटा', 'हा आमचा, तो बाहेरचा' हे आपण आपसात किती सहज म्हणतो! त्याची किंमत कोणी कुठे मोजली ते पाहायचे असेल तर कोर्लईच्या माथ्यावर यावे.

आणखी एक गोष्ट मी भाच्याला सांगावी की नाही, असा विचार करत थोडा वेळ गप्प बसलो. मग सांगितली. किल्ल्याचा सरदार फरहादखान जखमी होऊन पकडला गेला. त्याची बायको आणि मुलगीही त्यांच्या हाती पडली. पोर्तुगीज लेखक सांगतात की बायको खंडणी भरून सुटली. फरहादखान ख्रिस्ती होऊन वारला. मुलगी ख्रिस्ती झाली आणि तिला पोर्तुगालला नेले.

त्या हकिगतीत ती फक्त 'सरदाराची मुलगी' आहे. जिंकलेल्यांच्या लेखी तिचे जाणे हा त्यांच्या धर्माचा विजय. हरलेल्यांच्या लेखी ती अब्रूची गोष्ट, म्हणून बोलायची नाही. आई इथे सुटली आणि मुलगी जहाजात बसून त्या समोरच्या समुद्रातून गेली. जाताना तिला शेवटचे दिसले असेल ते काय? हाच डोंगर. खाडीबाहेर पडलेल्या जहाजातून तोच सर्वांत शेवटी दिसेनासा होतो. किल्ल्यांच्या पुस्तकांत बुरूज मोजलेले असतात, तोफा मोजलेल्या असतात. ही मुलगी मोजलेली नसते.

भाच्याने पेन खाली ठेवले होते. "ती परत आली नाही?" त्याने विचारले. मी म्हटले, "नाही."

पुढचा इतिहास थोडक्यात. हा लांबलचक डोंगर सांभाळायला पोर्तुगीजांकडे पुरेशी माणसे नव्हती. आधी त्यांनी बरीचशी तटबंदी पाडली आणि मोक्याची ठिकाणे ठेवली. पुढे पुन्हा बांधकामे केली, चर्च बांधले, दारांवर लेख कोरले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलला वेढा घातला, पण ते ठाणे पडले नाही. वसईच्या मोहिमेबरोबर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी सुभानराव माणकरांना कोर्लईवर पाठवले आणि १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले. सान फ्रान्सिस्को नावाच्या बुरुजाचा गणेश बुरूज झाला. १८१८ मध्ये इंग्रज आले आणि त्यांना या डोंगराची गरजच उरली नव्हती. बंदर गाळाने भरत गेले होते, मुंबईने चौलचा व्यापार केव्हाच ओढून नेला होता. चौलला आता पडकी मशीद उरली आहे, हमामखान्याच्या भिंती उरल्या आहेत, वाड्यांतल्या विहिरी उरल्या आहेत.

ऊन चढू लागले तसे आम्ही उतरलो. कोर्लई गावात एका टपरीवर चहा घेतला. बाजूला दोन बायका मासळी निवडत बोलत होत्या. भाच्याने कान टवकारले. "मामू, ही कुठली भाषा?"

मी म्हटले, "हे तुझ्या किल्ल्याचे खरे शिल्लक." १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले. त्यांनी ख्रिस्ती केलेले इथले लोक मात्र इथेच राहिले. जाणार कुठे? हे त्यांचेच गाव होते. त्यांच्या घरात पोर्तुगीजांपासून घडलेली एक बोली आजही जिवंत आहे. तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची बोली'. भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी. क्रियापद मराठीसारखे शेवटी येते. हे लोक माउंट कार्मेलच्या चर्चमध्ये प्रार्थना करतात, बाजारात मराठी बोलतात, घरी नॉ लिंग.

भाचा म्हणाला, "आपल्यासारखेच की! आपण बाहेर मराठी बोलतो, घरी कोकणी."

हे मी त्याला शिकवले नव्हते. आमच्या घरातल्या कोकणी बोलीत अरबी-फारसी शब्द आहेत, पण तिची हाडे मराठीची आहेत. दादी नमाजची दुआ अरबीत मागायची आणि सुनेला रागवायची कोकणीत. शेजारच्या आगरणीशी तिचे भांडण आणि समेट दोन्ही त्याच बोलीत व्हायचे. समुद्रातून जे जे या किनाऱ्यावर आले, अरबस्तानचे, इराणचे, हबशाचे, पोर्तुगालचे, त्यातले जे डोंगरावर बसले ते शंभर-दोनशे वर्षांत उठून गेले. जे पायथ्याशी राहिले, ज्यांनी इथे लग्ने केली, जाळी विणली, वाड्या शिंपल्या, इथल्या भाषेत मुलांना झोपवले, ते उरले. बयासिरा उरले, नॉ लिंगवाले उरले, कोळी-आगरी-भंडारी तर होतेच.

म्हणून परतीच्या वाटेवर, पुलावर थांबून, मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. "तू विचारलेस आपण जिंकलो की हरलो. १५०८ साली जिंकणाऱ्यांत मिसरचे कुर्द होते, ते आपण नव्हतो. १५९४ साली हरणाऱ्यांत ब्राह्मणाच्या वंशातला मुसलमान सुलतान होता, दखनी होते, हबशी होते. त्यांच्यासाठी दुःख कर, पण त्यांचा हिशेब तुझ्या पाठीवर घेऊ नकोस. कोणी तो तुझ्या पाठीवर टाकू लागला तर टाकू देऊ नकोस. १७३९ साली जिंकणारे मराठे होते, तेही याच मातीतले. आपण म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी राहणारे लोक. राजे लढत होते तेव्हा ज्यांच्या होड्या बुडाल्या, वाड्या जळाल्या, मुली गेल्या, आणि जे दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंट रोवायला खाडीत उतरले, ते आपण. त्यांच्यात मुसलमान होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते."

त्याला हे किती कळले, सांगता येत नाही. तेराव्या वर्षी जिंकण्याची हौस असते आणि ती असावीही. घरी आल्यावर त्याने वहीचे पहिले पान फाडून नवे लिहिले. ते मी नंतर पाहिले : 'कोर्लईच्या डोंगरावर पहिला किल्ला निजामशाहीने बांधला. तो पोर्तुगीजांनी घेतला. त्यांच्याकडून मराठ्यांनी घेतला. आता तिथे कोणी राहत नाही. आम्ही खाली राहतो.' शेवटच्या दोन वाक्यांत व्याकरणाच्या पलीकडचे काही आले आहे, हे त्याच्या लक्षातही आले नसावे.

एक विनंती करून थांबतो. प्रत्येक गावाजवळ असा एखादा डोंगर असतो. दाभोळला असेल, राजपुरीला असेल, बाणकोटला असेल. वर दर्गा असेल, देऊळ असेल, नाहीतर नुसता दगडांचा ढीग. एका सकाळी मुलाबाळांना घेऊन तिथे जावे. त्यांना पुस्तकातला इतिहास सांगावाच, पण वरून आपले गाव, आपली मशीद, आपले कबरस्तान, शेजारच्यांचे देऊळ आणि मधली पायवाट, हे सगळे एका नजरेत दाखवावे. खाली आल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जुनी नावे, जुने शब्द, कोणाची होडी कुठे जायची, कोण कोणाच्या घरी लग्नात राबायचे, हे लिहून घ्यावे. राजांचा इतिहास लिहायला बखरकार होते, फेरिश्ता होता. पायथ्याचा इतिहास लिहिण्याचे काम आपल्यालाच करावे लागणार आहे, आणि ते सांगणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत.